विश्लेषण : हौसेचे हेलिकॉप्टर… इंधनापेक्षा विमा महाग का पडतो?

खासगी वापराच्या हेलिकॉप्टरवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी २८ टक्के कर आणि ३ टक्के उपकर होता. यॉट, मोठ्या मोटारी आणि शीतपेये ज्या गटात गेली, त्याच गटात हे हेलिकॉप्टरही गेले. श्रीमंतांच्या खेळण्यावर कर वाढला म्हणून कोणाला हळहळ वाटण्याचे कारण नाही. मात्र छोटी हेलिकॉप्टरे गेली चार दशके हौसेखातर उडवली जातात त्या अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातले मालक खरेदीवरच्या कराबद्दल फारसे बोलत नाहीत. त्यांची तक्रार असते ती ओव्हरहॉलच्या तारखेबद्दल आणि विम्याच्या हप्त्याबद्दल. हे दोन्ही खर्च असे आहेत की हेलिकॉप्टर जितके कमी उडवावे, तितके ते तासाला महाग होत जाते. शिवाय जो कमी उडवतो, तोच विमा कंपनीला जास्त धोक्याचा वाटतो.

हौसेचे हेलिकॉप्टर म्हणजे कोणते?

राजकीय नेते ज्यातून दौरे करतात किंवा समुद्रातल्या तेलविहिरींवर कामगारांची ने-आण ज्यातून होते, ती टर्बाइन इंजिनाची, बहुधा दोन इंजिनांची यंत्रे वेगळी. हौशी वैमानिकाचे हेलिकॉप्टर म्हणजे पिस्टन इंजिनाचे, दोन किंवा चार आसनांचे. या बाजारावर कॅलिफोर्नियातील टॉरन्सच्या रॉबिन्सन कंपनीचे वर्चस्व आहे. फ्रँक रॉबिन्सन या अभियंत्याने १९७३ मध्ये ही कंपनी काढली. सामान्य माणसाला परवडेल असे हेलिकॉप्टर बनवण्याची त्याची कल्पना आधीच्या कंपन्यांतील वरिष्ठांना पटली नव्हती. त्याच्या दोन आसनी आर-२२ ला १९७९ मध्ये अमेरिकी प्रमाणपत्र मिळाले, चार आसनी आर-४४ डिसेंबर १९९२ मध्ये आले. आज जगभरातील बहुतेक विद्यार्थी वैमानिकांचा आणि हौशी मालकांचा या दोनपैकी एका यंत्राशी संबंध येतोच. फ्रान्सचे काब्री जी-२ हे दोन आसनी हेलिकॉप्टर अलीकडे स्पर्धक म्हणून उभे राहिले आहे. जुनी श्वायझर-३०० देखील अजून उडताना दिसतात.

नवे आर-२२ साडेतीन लाख डॉलरच्या पुढे आणि आर-४४ पाच लाख डॉलरच्या पुढे जाते. वापरलेली यंत्रे त्याच्या निम्म्यात, कधी चौथ्या हिश्श्यातही मिळतात. खरी गोम इथेच आहे.

‘२२०० तास किंवा १२ वर्षे’ हे काय प्रकरण आहे?

मोटार जुनी झाली की तिचे इंजिन कुरकुरते, मग मालक गॅरेजकडे वळतो. हेलिकॉप्टरमध्ये असे चालत नाही. त्यातील रोटरची पाती, गिअरबॉक्स, शाफ्ट, बेअरिंग हे भाग सतत हादरे सोसत असतात. त्यातला एखादा हवेत निकामी झाला तर वैमानिकाला सावरायला वाव नसतो. म्हणून भाग खराब होण्याची वाट न पाहता ठरलेल्या आयुष्यानंतर ते बदलले जातात. आर-२२ आणि आर-४४ साठी निर्मात्याने घातलेली मर्यादा साधारण अशी आहे : २२०० तास उड्डाण किंवा १२ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते. त्यानंतर संपूर्ण यंत्र उघडून इंजिनासह बहुतेक महत्त्वाचे भाग नवे बसवायचे. हा खर्च लाखो डॉलरचा असतो आणि कित्येकदा वापरलेल्या यंत्राच्या बाजारभावापेक्षाही जास्त भरतो.

त्यामुळे वापरलेल्या आर-४४ ची किंमत ठरते ती त्यात किती तास ‘शिल्लक’ आहेत यावर. रंग, सीटचे चामडे, पडदे हे सगळे नंतर. स्वस्तात मिळालेल्या हेलिकॉप्टरला सहसा तीन-चारशे तास किंवा एखाद-दुसरे वर्ष उरलेले असते. महाराष्ट्रात पंधरा वर्षांची गाडी घेताना लोक आधी आरटीओच्या फेरनोंदणीची तारीख बघतात, तसेच हे. फरक इतकाच की गाडीची तारीख उलटली तर काही हजारांत काम भागते.

‘किंवा १२ वर्षे’ हे तीन शब्द हौशी मालकाला सर्वाधिक महाग पडतात. प्रशिक्षण संस्थेचे आर-४४ वर्षाला चार-पाचशे तास उडते आणि पाच वर्षांत २२०० तास पुरे वसूल करते. रविवारी सकाळी तासभर फेरी मारणाऱ्याचे १२ वर्षांत सहाशे तासही होत नाहीत. ओव्हरहॉल मात्र दोघांनाही तेवढाच.

तासाचा हिशेब कसा होतो?

आकडे धरून पाहिले तर चित्र स्पष्ट होते. पुढचे उदाहरण मुद्दाम गोल आकड्यांचे आहे. प्रत्यक्ष रकमा देश, यंत्राचे वय आणि वैमानिकाचा अनुभव यांनुसार बदलतात.

आर-४४ तासाला साधारण १५-१६ गॅलन अ‍ॅव्हगॅस पिते. गॅलनला साडेसहा डॉलर धरले तर इंधन झाले तासाला १०० डॉलर. ओव्हरहॉलचा खर्च २ लाख २० हजार डॉलर मानू. विमा वर्षाला २४ हजार, हँगरचे भाडे ६ हजार, तपासणीचे एका वेळचे ५ हजार. आता एक मालक वर्षाला ५० तास उडवतो. १२ वर्षांत त्याचे ६०० तास होतात, म्हणजे ओव्हरहॉलचा वाटा तासाला ३६७ डॉलर. विमा तासाला ४८०, हँगर १२०, वर्षातून एकदा तपासणी म्हणून १००. इंधनासह एकूण तासाला जवळपास १,१६७ डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरला तर एका तासाला सुमारे १ लाख ५ हजार रुपये.

दुसरा मालक तेच यंत्र वर्षाला २०० तास उडवतो. त्याचे २२०० तास ११ वर्षांत भरतात, त्यामुळे ओव्हरहॉल तासाला १०० डॉलरच पडतो. विमा १२०, हँगर ३०, वर्षातून दोन तपासण्या धरून ५०, इंधन १००. एकूण ४०० डॉलर. म्हणजे वर्षाकाठी पहिल्याचा खर्च ५८ हजार डॉलरच्या आसपास आणि दुसऱ्याचा ८० हजार. चौपट उड्डाण करूनही दुसऱ्याला सुमारे २२ हजारच जास्त मोजावे लागले. या हिशेबात खरेदीसाठी गुंतलेले पैसे, त्यावरचे व्याज आणि अचानक निघणारी दुरुस्ती धरलेलीच नाही. निर्मात्याने पात्यांबाबत एखादी तातडीची सूचना काढली तर एका फटक्यात हजारो डॉलर जातात. रॉबिन्सनच्या पात्यांचे थर सुटण्याच्या तक्रारींनंतर अमेरिकी नियामकाने असे आदेश काढलेलेही आहेत.

पहिल्या मालकाच्या हिशेबात इंधनाचा वाटा दहावा हिस्साही नाही. ‘पेट्रोल महागले म्हणून उडवत नाही’ असे म्हणणारा हेलिकॉप्टर-मालक त्यामुळे स्वतःचीच समजूत घालत असतो. न उडवून वाचतात ते शंभर डॉलर. बाकीचे गेलेलेच असतात.

मीटरशी खेळ होतो का?

तासांवर इतके पैसे अवलंबून असले की मोह आलाच. फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत मगरीची अंडी गोळा करण्याच्या कामावर असलेले आर-४४ कोसळले. दोरीला लटकून घरट्यापर्यंत उतरणाऱ्या माणसाचा त्यात मृत्यू झाला, वैमानिक गंभीर जखमी झाला. इंधन संपल्याने इंजिन बंद पडले, असा निष्कर्ष तिथल्या परिवहन सुरक्षा यंत्रणेने काढला. पुढे २०२५ मध्ये डार्विनच्या न्यायालयात खटला उभा राहिला तो तपासात अडथळा आणल्याचा. या व्यवसायात तासांचा मीटर काढून ठेवून उड्डाणे केली जात आणि नोंदवहीत कमी तास लिहिले जात, हे उघड होऊ नये म्हणून धडपड झाली, असा सरकारी पक्षाचा आरोप होता. मालकाला तीनपैकी दोन आरोपांत ज्युरीने दोषी ठरवले.

ते हौशी उड्डाण नव्हते. पण वापरलेले हेलिकॉप्टर घेणाऱ्या प्रत्येकाला त्यातून एक प्रश्न पडायला हवा : नोंदवहीतले तास खरे आहेत कशावरून? विम्याच्या दृष्टीनेही हा किरकोळ मुद्दा नाही. यंत्र कायदेशीररीत्या उड्डाणयोग्य असणे ही बहुतेक पॉलिसींची पहिली अट असते. ओव्हरहॉलची मुदत प्रत्यक्षात उलटून गेली होती असे अपघातानंतर निघाले, तर भरलेल्या हप्त्यांचा उपयोग होत नाही. त्यातही आधीच्या मालकाची लबाडी नव्या मालकाच्या अंगावर येते.

विमा कंपनी यंत्राकडे पाहते की माणसाकडे?

हेलिकॉप्टरच्या विम्याचे मुख्यतः दोन भाग. एक, यंत्राच्या नुकसानीचा विमा, ज्याला या धंद्यात ‘हल’ म्हणतात. दुसरा, दायित्वाचा विमा : जमिनीवरच्या माणसाचे किंवा मालमत्तेचे आणि आतल्या प्रवाशांचे जे नुकसान होईल त्याची भरपाई.

हल विम्याचा हप्ता यंत्राच्या ठरलेल्या मूल्याच्या टक्क्यांत सांगितला जातो आणि छोट्या विमानाच्या तुलनेत हेलिकॉप्टरला तो बराच चढा असतो. कारण सोपे आहे. विमान धावपट्टीवरून घसरून गवतात गेले तर चाक वाकते, प्रोपेलर बदलावा लागतो. हेलिकॉप्टरचे एक स्किड उतरताना जमिनीत अडकले आणि यंत्र कलंडले, तर फिरती पाती जमिनीवर आपटतात. तो झटका गिअरबॉक्स, शाफ्ट, इंजिन सगळीकडे पोहोचतो, आणि मग प्रत्येक भाग उघडून तपासावा किंवा बदलावा लागतो. माणसे खरचटल्यावर निभावतात, पण यंत्र पूर्ण नुकसानीत जमा होते. म्हणूनच पॉलिसीत ‘रोटर फिरत असताना’ आणि ‘रोटर थांबलेला असताना’ असे दोन वेगळे डिडक्टिबल लिहिलेले असतात. हँगरमध्ये छप्पर पडले तर मालकाच्या खिशातून थोडेच जाते. रोटर फिरत असताना अपघात झाला तर मूल्याच्या काही टक्के रक्कम त्यालाच सोसावी लागते.

मात्र दर ठरतो तो मुख्यतः वैमानिकावर. अर्जात विचारले जाते : एकूण तास किती, त्यातले हेलिकॉप्टरचे किती, याच मॉडेलचे किती, गेल्या ९० दिवसांत आणि गेल्या वर्षभरात किती, आधी अपघात झाला का. विमानाचे हजार तास असलेला वैमानिक हेलिकॉप्टरमध्ये नवखाच धरला जातो. निर्मात्याच्या सुरक्षा प्रशिक्षणाला हजेरी लावली असेल तर विमा कंपनी मवाळ होते, काही वेळा ती अटच असते. २०१९ नंतर जगभरचा विमान-विमा बाजार कडक झाला. तेव्हापासून नव्या परवानाधारकाला कोटेशन देणाऱ्या कंपन्याच मोजक्या उरल्या आहेत. ते मिळाले तरी ‘पहिले इतके तास प्रशिक्षकासोबतच’ ही अट सोबत येते. प्रशिक्षकाचे तासाचे पैसे हा मग विम्याचाच छुपा खर्च.

पॉलिसीतल्या आणखी एका कलमाकडे मालकांचे दुर्लक्ष होते. नाव घातलेल्या वैमानिकांखेरीज दुसऱ्या कोणी यंत्र उडवायचे असेल तर त्याच्याकडे किमान इतके तास हवेत, असे त्यात लिहिलेले असते. परवाना आहे, अनुभव आहे, पण या मॉडेलचे दहा तास कमी पडतात अशा मित्राच्या हाती हेलिकॉप्टर दिले आणि काही झाले, तर नियामकाच्या दृष्टीने सगळे कायदेशीर असूनही विमा मिळत नाही.

या छोट्या यंत्रांची धास्ती का?

विमा कंपन्या उगाच घाबरत नाहीत. रॉबिन्सनचा मुख्य रोटर दोन पात्यांचा आणि वजनाला हलका. इंजिन बंद पडले की पात्यांची गती झपाट्याने उतरते. सेकंद-दीड सेकंदात वैमानिकाने डाव्या हातातला दांडा खाली केला नाही तर पाती हवेतली पकड सोडतात, आणि मग काहीच करता येत नाही. दुसरा धोका वैमानिकाने दांडा पुढे ढकलून यंत्र क्षणभर ‘हलके’ केल्यावरचा. उंचवट्यावरून मोटार वेगात गेली की पोटात गोळा येतो, तशी ती अवस्था. अशा वेळी यंत्र उजवीकडे कलते. ते सावरायला वैमानिकाने सवयीने उलट दिशेला जोर दिला तर पात्यांचा मधला जोड रोटरच्या खांबावर आदळतो. खांब तुटू शकतो किंवा पाते केबिनमध्ये शिरते.

असे अपघात वाढल्यावर अमेरिकेने १९९५ मध्ये केवळ आर-२२ आणि आर-४४ साठी विशेष नियम आणला. हेलिकॉप्टरचे २०० तास, त्यातले ५० त्या मॉडेलचे, किंवा प्रशिक्षकासोबत किमान १० तासांचे विशेष प्रशिक्षण आणि त्याचा शेरा असल्याशिवाय ही यंत्रे मुख्य वैमानिक म्हणून उडवता येत नाहीत. १९९६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने आर-२२ च्या अपघातांवर स्वतंत्र अहवाल काढला. न्यूझीलंडच्या अपघात तपास आयोगाने २०१६ मध्ये रॉबिन्सनच्या अशा अपघातांना आपल्या चिंतेच्या यादीत घातले, आणि तिथल्या काही सरकारी खात्यांनी ही हेलिकॉप्टरे वापरणे थांबवले. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने २०१८ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार २००६ ते २०१६ या काळात अमेरिकेत आर-४४ चे ४२ जीवघेणे अपघात झाले. दर लाख उड्डाण तासांमागे १.६ असे हे प्रमाण इतर प्रचलित मॉडेलांपेक्षा जवळपास ५० टक्क्यांनी जास्त होते. कंपनीने हे विश्लेषण अमान्य केले.

आगीचा मुद्दा वेगळा. जुन्या आर-४४ च्या धातूच्या इंधन टाक्या साध्या आपटण्यातही फुटत आणि वाचू शकणारी माणसे जळून मरत. कंपनीने डिसेंबर २०१० मध्ये आतून लवचीक पिशवी असलेल्या टाक्या बसवण्याची सूचना काढली. ऑस्ट्रेलियात ३० एप्रिल २०१३ ची मुदत पडली. त्याच्या महिनाभर आधी न्यू साउथ वेल्समध्ये जुन्या टाक्यांचे एक आर-४४ कोसळून पेटले, चौघे गेले. बदलाचा खर्च मालकाच्या खिशातून होता, म्हणून अनेकांनी तो शेवटच्या तारखेपर्यंत लांबवला होता.

विमा सक्तीचा आहे का?

युरोपमध्ये आहे. २००४ च्या नियमानुसार यंत्राच्या कमाल वजनावर त्रयस्थ विम्याची किमान रक्कम ठरते. ती मोजतात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या ‘एसडीआर’ या हिशेबी चलनात. ५०० ते १००० किलोच्या गटाला १५ लाख एसडीआर, १००० ते २७०० किलोच्या गटाला ३० लाख. आर-२२ चे कमाल वजन सुमारे ६२२ किलो, म्हणून ते पहिल्या गटात. आर-४४ हजार किलोची रेषा जेमतेम ओलांडते आणि दुप्पट रकमेच्या गटात जाते, म्हणजे साधारण ४० लाख डॉलर. खासगी उड्डाणात प्रत्येक प्रवाशामागे किमान १ लाख एसडीआरचे संरक्षण लागते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला तरी हे नियम तिथे तसेच ठेवले गेले.

अमेरिकेत मोजकी राज्ये सोडली तर खासगी उड्डाणाला अशी सक्ती नाही. मोटारीला सक्ती आणि हेलिकॉप्टरला नाही, हे विचित्र वाटते खरे. कर्ज देणारी बँक आणि हँगरचा मालक मात्र विमा मागतातच. तिथल्या पॉलिसीत एक ओळ नीट वाचावी लागते. दायित्व १० लाख डॉलर, ‘प्रति प्रवासी मर्यादा १ लाख’. मालकाला वाटते आपल्याकडे दहा लाखांचे संरक्षण आहे. शेजारच्या आसनावरचा मित्र गेला तर त्याच्या कुटुंबाला पॉलिसीतून जास्तीत जास्त एक लाख. त्यापुढची रक्कम न्यायालयाने ठरवली तर मालकाचे घर आणि बचत पणाला लागते. ही उपमर्यादा नसलेल्या पॉलिसीही मिळतात, पण महाग. नवख्या वैमानिकाला तर बऱ्याचदा मिळतच नाहीत.

भाड्याने घेणे किंवा वाटून घेणे बरे नाही का?

वर्षाला ५० तास उडवणाऱ्याला भाड्याचे यंत्र जवळपास नेहमीच स्वस्त पडते. अमेरिकेत आर-२२ चे भाडे तासाला साडेतीनशे डॉलरच्या वर आहे. विमा क्लबचा असतो. पण तो क्लबच्या यंत्राचे रक्षण करतो, भाडेकरूचे नव्हे. अपघातात चूक वैमानिकाची ठरली तर विमा कंपनी क्लबला पैसे देऊन ते वैमानिकाकडून वसूल करायला येऊ शकते. डिडक्टिबल तर करारातच त्याच्यावर टाकलेले असते.

चार-पाच जणांनी मिळून घेतले तर तास वाढतात आणि वर मांडलेला हिशेब सुधारतो. ब्रिटनमध्ये अशा भागीदाऱ्या बऱ्याच आहेत. अडचण एकच : विमा कंपनी हप्ता ठरवते तो भागीदारांतल्या सर्वात कच्च्या वैमानिकावरून. प्रशिक्षण संस्थेला भाड्याने देऊन खर्च भरून काढण्याचा मार्गही अनेक जण निवडतात. पण विद्यार्थ्यांच्या हाती यंत्र दिले की विम्याचा वर्ग बदलतो, हप्ता वाढतो, आणि यंत्राचे तास भलतेच लोक संपवतात.

मित्रांकडून पैसे घेण्यावरही कडक बंधने आहेत. अमेरिकेत खासगी परवानाधारकाने खर्चातला आपला समान वाटा स्वतः उचललाच पाहिजे. तो उचलला नाही तर ते भाड्याचे उड्डाण ठरते, आणि खासगी वापराच्या पॉलिसीत भाड्याचे उड्डाण बसत नाही.

याहून स्वस्तात उडायचे तर अमेरिकेत अल्ट्रालाइट गटातली एक आसनी हेलिकॉप्टरे आहेत. रिकामे वजन २५४ पौंड, म्हणजे ११५ किलोपर्यंत आणि इंधन ५ गॅलनपर्यंत असेल तर वैमानिक परवानाही लागत नाही. घरी जोडायची किट हेलिकॉप्टरेही मिळतात. पण यांचा हल विमा मिळणे जवळपास अशक्य. यंत्र गेले की गेले, एवढे मनाशी धरूनच लोक ती घेतात.

भारतात काय स्थिती?

भारतात हेलिकॉप्टर हौस म्हणून स्वतः उडवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील. बारामती, गोंदियासारख्या ठिकाणच्या प्रशिक्षण संस्था विमाने शिकवतात. नागरी हेलिकॉप्टर शिकायचे तर पर्याय फारच थोडे. पिस्टन यंत्राला लागणारे अ‍ॅव्हगॅस अनेक वर्षे आयातच होत होते. इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवलेले देशी अ‍ॅव्हगॅस सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आणले, तरी ते मिळणारी विमानतळे मोजकीच. तासांवर विभागला जाणारा स्थिर खर्च इथे म्हणूनच आणखी जड पडतो, आणि यंत्रांची संख्या कमी असल्याने विम्याचा धोका वाटला जायलाही वाव नाही. त्यात खरेदीवर ४० टक्के जीएसटी.

इथे सर्वसामान्यांचा हेलिकॉप्टरशी संबंध येतो तो प्रवासी म्हणून. नवरा-नवरीला हेलिकॉप्टरने आणल्याच्या बातम्या पश्चिम महाराष्ट्रातून अधूनमधून येतात, देवदर्शनाच्या फेऱ्या होतात, मुंबईत जुहूहून शहरदर्शन होते. ११ डिसेंबर २०१६ रोजी जुहूहून अशाच सहलीसाठी निघालेले एक आर-४४ गोरेगावच्या आरे वसाहतीत कोसळले. वैमानिक मृत्युमुखी पडला. भाडे घेऊन प्रवासी नेणाऱ्या कंपनीकडे डीजीसीएचा विनाअनुसूचित सेवेचा परवाना लागतो. खासगी म्हणून नोंदलेल्या हेलिकॉप्टरला भाडे घेता येत नाही. लग्नघरात ‘ओळखीच्यांचे हेलिकॉप्टर आहे, डिझेल-पाण्याचे बघून घेऊ’ अशी बोली होते तेव्हा विम्याचा प्रश्न नेमका इथेच येतो. पैसे हातात पडले की ते उड्डाण भाड्याचे झाले, आणि खासगी पॉलिसी लागू राहीलच याची खात्री उरत नाही.

स्वतःच्या आयुर्विम्याचे काय?

हा मुद्दा परदेशात हौसेने उड्डाण शिकणाऱ्या आणि भारतात पॉलिसी असलेल्या मराठी तरुणांना थेट लागू होतो. अमेरिकेत हेलिकॉप्टरचा खासगी परवाना किमान ४० तासांत मिळू शकतो, प्रत्यक्षात बहुतेकांना त्याहून बरेच जास्त लागतात आणि खर्च २५-३० हजार डॉलरच्या घरात जातो. तेवढे पैसे जमवणाऱ्याच्या नजरेतून आपलीच पॉलिसी सुटते.

भारतातील वैयक्तिक अपघात विम्यात आणि आयुर्विम्याला जोडून घेतलेल्या अपघाती लाभात हवाई उड्डाणाचे वगळणी-कलम बहुधा असतेच. परवानाप्राप्त विमानात प्रवासी म्हणून बसलेल्याला संरक्षण मिळते. विमान चालवणारा, शिकणारा किंवा अन्य भूमिकेत असलेला माणूस त्यातून बाहेर. काही जुन्या पॉलिसींत तर ‘प्रस्थापित विमानतळांदरम्यान’ असे शब्द आहेत, आणि शेतातल्या तात्पुरत्या हेलिपॅडला ते लागू होतात का, हा वकिलांच्या वादाचा विषय ठरू शकतो. आरोग्य विम्यात धाडसी खेळांची वगळणी आहे, पण विमा नियामकाच्या प्रमाणित शब्दांनुसार ती व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्याला लागू होते.

अमेरिकी टर्म विम्यात अर्जातच विचारले जाते की गेल्या काही वर्षांत वैमानिक किंवा विद्यार्थी म्हणून उड्डाण केले का, पुढे करणार आहात का. ‘हो’ म्हटले तर दर हजार डॉलरमागे जादा हप्ता किंवा उड्डाणातील मृत्यू वगळण्याचा पर्याय समोर येतो. परवाना पॉलिसीच्या आधीचा असूनही तो लपवला आणि सुरुवातीच्या दोन वर्षांत मृत्यू झाला, तर कंपनी अर्ज उकरून काढते. तेव्हा उत्तर द्यायला अर्ज भरणारा हजर नसतो. कागदपत्रे जमवत कंपनीशी झगडायची वेळ येते ती घरच्यांवर.